लेंडीवाले सर

आमच्या पाड्यावर आले की बर्वे सर आधी शेळीची विचारपूस करत. "काय गं, पोट बरं आहे ना?" आम्ही ओट्यावर उभ्याच. माझी सासू मागून म्हणायची, "आम्हालाही पोट आहे सर, विचारा कधीतरी."

सर डहाणूच्या कॉलेजात शिकवत. दह्यात असतात तसले जंतू जनावरांच्या पोटातही राहतात म्हणे. त्यातला कोणालाच ठाऊक नसलेला एखादा निवृत्तीआधी आपल्याला सापडावा, एवढंच त्यांचं मागणं. त्यापायी तलासरीपासून कोसबाडपर्यंत एकही लेंडी त्यांनी सुखाने सुकू दिली नाही. सोनं उचलावं तशी चिमट्याने उचलत. लोक हसले की म्हणत, "माणूस खोटं बोलतो. पोट बोलत नाही."

शेवटी आमच्याच शेळीच्या लेंडीत त्यांना अनोळखी जंतू दिसला. पुण्याहून पक्की तपासणी यायची होती, पण धीर कोणाला? सरांनी पेढे वाटले. त्यांच्या निरोपसमारंभाला शेळीच्या मालकिणी म्हणून आम्हा सासूसुनांना बोलावणं आलं. शेळीला आलं नाही, याचं सासूला वाईट वाटलं.

समारंभाच्या आदल्या दिवशी सर आले ते शेळीकडे न बघताच. पुण्याने कळवलं होतं, हा तर दह्यातलाच, घरोघरचा जंतू.

"आजी, मी लेंडी नेली तेव्हा हिला काय खायला घातलं होतं?"

"तुम्ही येणार म्हणून आठवडाभर ताक पाजलं. पाहुण्यापुढे हिनं पातळ केलं असतं तर आमची काय अब्रू राहिली असती?"

सर चहा न घेताच गेले.

समारंभात प्राचार्यांना यातलं काहीच ठाऊक नव्हतं. नव्या जंतूचं कौतुक करता करता त्यांनी सरांना देव्हाऱ्यात बसवायचंच बाकी ठेवलं. मला वाटलं, सर आता मान डोलवतील, शाल घेतील, झालं. शिकलेली माणसं गप्प बसायलाही शिकलेली असतात.

सर माइकपाशी गेले. "नवा जंतू मिळालेला नाही. या आजींनी पाहुणा येणार म्हणून शेळीला ताक पाजलं. मी ते ताक शोधून काढलं. ज्यांनी पेढे खाल्ले, त्यांनी मला माफ करावं."

प्राचार्यांच्या हातात शाल तशीच लोंबत राहिली. सासूने मला कोपर मारलं. "अगं, वाजव ना टाळ्या! एवढ्या लोकांत आपल्या ताकाचं नाव निघालं."

मी वाजवल्या. ताकासाठी नाही.