विद्यापीठाचं घर बघायला

मुलुंडहून निघताना सासूबाईंनी नवं कोरं नऊवारी नेसलं, नाकात नथ अडकवली आणि पिशवीत एक नारळ टाकला. मी म्हटलं, "आई, आपण विद्यापीठात चाललोय, लग्नाला नाही."

"लग्नाक नाय, पन घर बघूक चाललंव ना? मगे रिकाम्या हातान जावचा?"

घर बघणं म्हणजे काय ते आताच्या मुलींना सांगायला हवं. मुलगी द्यायची झाली की तिच्याकडची जाणती माणसं मुलाचं घर बघून यायची. घराणं किती जुनं, जमीन किती, पाणी कुठून भरतात, सुनांना कसं वागवतात, सगळं नजरेखालून घालायचं आणि मगच शब्द द्यायचा. सासूबाई मालवणकडच्या. सासरे गिरणीत लागले तेव्हा त्या मुंबईत आल्या, पण ही रीत बरोबर घेऊन आल्या. अशी कितीतरी घरं त्यांनी नात्यागोत्यातल्या मुलींसाठी पारखली होती. आता पारखायचं होतं ते विद्यापीठ.

कारण मी. लग्नाआधी मी समाजशास्त्र घेऊन बी.ए. झाले होते आणि ऐंशीच्या दशकातल्या त्या पावसाळ्यात, चार वर्षांच्या मुलीची आई असताना, मला एम.ए.चं खूळ लागलं. नवरा म्हणाला, "आईला विचार." त्याचंही बरोबर होतं, दुपारी मुलीला सांभाळणार कोण? आणि आई म्हणाल्या, "बघल्याशिवाय कसा सांगू?" त्या नाही म्हणाल्या असत्या तर विषय तिथेच संपला असता.

मुलीला शेजारी ठेवून आम्ही कुर्ल्याला उतरलो आणि कलिन्याची बस धरली. आम्हा मुलुंडकरांना तेव्हा घाटकोपरच्या पुढे सगळा परदेशच वाटायचा. मी तर अशी नटले होते की विचारू नका. उंच टाचेच्या चपला, खांद्याला शबनम पिशवी आणि हातात एक जाडजूड इंग्रजी पुस्तक. त्याची पहिली सहा पानं वाचली होती. बाकीचं लोकांना दिसण्यासाठी होतं. मुलाखतीसाठी इंग्रजी वाक्यं पाठ केली होती, ती बसमध्ये ओठांतल्या ओठांत घोळवत होते. शेजारच्या बाईंना वाटलं मी स्तोत्र म्हणतेय. त्यांनी सरकून जागा दिली.

विद्यापीठ म्हणताच माझ्या डोळ्यांपुढे फोर्टातली ती दगडी इमारत, मनोरा, रंगीत काचा असंच काहीतरी यायचं. कलिन्याला उतरले आणि समोर आलं रान. कमरेएवढं गवत, मधूनमधून चिखलाच्या पायवाटा, दूरदूर विखुरलेल्या इमारती. कुंपणापाशी दोन म्हशी शांतपणे चरत होत्या. डोक्यावरून विमान इतकं खालून गेलं की मी पुस्तक डोक्यावर धरलं. त्या पुस्तकाचा मला झालेला तो पहिला उपयोग.

सासूबाई मात्र खूश दिसल्या. "जमीन बरी आसा," त्या म्हणाल्या आणि फाटकावरच्या शिपायाला गाठलं. "काय रे बाबा, ह्या सगळा तुमचाच?"

"आजी, अॅडमिशनचं तिकडे, डाव्या हाताला."

"माका अॅडमिशन नको. माका घर बघूचा आसा (बघायचं आहे). पानी खंय भरतत? (कुठे भरतात?)"

तो भला माणूस. त्याने टाकी दाखवली, बोट करून इमारती सांगितल्या. "ती ग्रंथालयाची, त्या बाजूला रसायन, गणित, ही सायन्सवाली. इकडे भाषांचे विभाग. मराठी, संस्कृत, फ्रेंच, रशियनसुद्धा शिकवतात. पलीकडे अर्थशास्त्र. आणि पोस्टानं शिकतात त्यांचंपण ऑफिस आहे, नोकरीवाले लोक येतात तिथे."

"रशियन?" सासूबाई माझ्याकडे वळल्या. "तुका ता शिकूचा नाय ना?"

"नाही हो आई, चला," मी दात आवळून म्हटलं आणि दहा पावलं पुढे चालू लागले. आज लिहिताना हसू येतं, तेव्हा मात्र ही नथवाली बाई माझी कुणी नाही असं जगाला वाटावं, अशी माझी धडपड होती. जग म्हणजे झाडाखाली उभी असलेली चार पोरं. त्यांनी माझ्याकडे बघितलंही नाही.

आणि नेमकी त्यांच्यासमोरच माझी टाच चिखलात रुतली. पाय बाहेर आला, चपलेचा पट्टा तुटला, चप्पल आतच राहिली. मी एका पायावर उभी, शबनम गळ्यात, पुस्तक काखेत. सासूबाई मागून अनवाणी आल्या. स्वतःच्या वहाणा त्यांनी केव्हाच पिशवीत टाकल्या होत्या. चप्पल उपटून माझ्या हातात दिली आणि म्हणाल्या, "बगळ्यासारखी उभी रवू नको. हय टाकळो बघ कसो कोवळो आसा!" टाकळा म्हणजे पावसाळ्यात उगवणारी रानभाजी. पुढची पंधरा मिनिटं त्या विद्यापीठाच्या आवारात टाकळा खुडत होत्या, आणि मी तुटकी चप्पल घेऊन पहारा देत होते.

समाजशास्त्र विभागात पोचलो तेव्हा कर्णिकबाई एकट्याच बसल्या होत्या. विभागाच्या त्या प्राध्यापक, सुती साडी, जाड भिंगांचा चष्मा. माझ्या चिखलाच्या पायांकडे, सासूबाईंच्या पिशवीतून डोकावणाऱ्या पाल्याकडे आणि टेबलावर ठेवलेल्या नारळाकडे त्यांनी पाहिलं. "बसा. प्रवेश कुणाला हवाय?"

मी सुरू झाले, "मॅडम, आय अॅम व्हेरी मच इंटरेस्टेड इन..." पुढचं वाक्य बसमध्येच उतरून गेलं होतं.

"मराठीत सांगितलंत तरी चालेल," बाई म्हणाल्या.

मराठीतलं काही मी पाठच केलं नव्हतं. तेवढ्यात सासूबाईंनी खुर्ची पुढे ओढली. "बाय, तुमचा घराणा कितक्या जुना?"

मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. पण कर्णिकबाईंनी चष्मा काढून पुसला आणि अगदी गंभीरपणे सांगू लागल्या. "सव्वाशे वर्षं उलटून गेली, आजी. कंपनी सरकारच्या शेवटच्या काळात सुरू झालं. फोर्टात जुनं घर आहे, तिथे जागा पुरेना म्हणून इकडे आलो. सुरुवातीला विद्यापीठ स्वतः शिकवत नव्हतं. शिकवायची कॉलेजं. विद्यापीठ फक्त परीक्षा घ्यायचं आणि पदव्या द्यायचं."

"म्हंजे रांधूचा दुसऱ्यान आनि ह्येनी नुसती चव बघूची."

बाई खुदकन हसल्या. "अगदी तसंच. स्वतः रांधायला पुष्कळ उशिरा लागलो."

"आनि सुना कवापासून घेतल्यात?"

"बायका? पहिली कितीतरी वर्षं त्यांना परीक्षेलाच बसू देत नव्हते."

"म्हंजे घराणा आमच्यासारख्याच," सासूबाई म्हणाल्या. त्यांना ते आवडलं की खटकलं, कळेना. "आनि मधीच कोनाक घराक हाकलून दितत?"

"नापास झाल्या तर पुन्हा बसता येतं. हाकलत नाही." मग बाई माझ्याकडे वळल्या. "तुम्ही सांगा. का शिकायचंय?"

पुस्तक मांडीवर होतं, त्यातून काही मदत येईना. मग तोंडून आपसूक निघून गेलं, "आमच्या कॉलनीत हळदीकुंकवाला बायका जमतात. कोण कुणाशेजारी बसतं, कुणाला वाण आधी मिळतं, कुणाला बोलावणंच जात नाही, हे मी बघत बसते. आमच्याच मजल्यावर एक जण आहे, नवरा गेल्यापासून ती त्या दिवशी दार लावून घेते. कुणी तिला तसं सांगितलेलं नाही. मग तिला ते कळतं कसं? आणि आम्ही सगळ्या तिच्या दारावरून गप्प कशा जातो? हे असं का चालतं, ते मला शिकायचंय."

सासूबाई माझ्याकडे टक लावून बघत होत्या. "माका वाटला ही हळदीकुंकवाक बसून पेंगता," त्या पुटपुटल्या.

"मार्क पुरेसे आहेत," बाई म्हणाल्या. "माझ्याकडून हरकत नाही. पण तास दुपारचे, घरी पोचायला संध्याकाळ होईल. जमेल का?" प्रश्न मला होता, पण तिघींनाही ठाऊक होतं उत्तर कुणी द्यायचं ते.

सासूबाई उठल्या, पदर सावरला आणि म्हणाल्या, "आमी कळवतंव."

घर बघायला गेलेल्या माणसांनी "कळवतो" म्हटलं की समोरच्याने काय ते समजायचं असतं. आमच्या नात्यात या एका शब्दाने कितीतरी स्थळं मोडलेली मी पाहिली होती. कर्णिकबाईंनाही रीत माहीत असावी. त्यांनी मान डोलावली आणि नारळ हलकेच बाजूला ठेवला.

बसथांब्यापर्यंत मी पाय ओढत चालत होते, डोळे भरून येत होते आणि ते दिसू नयेत म्हणून विमानांकडे बघत होते.

"तोंड कित्याक पाडलंस गो?"

"तुम्ही कळवतो म्हणालात."

"मगे काय म्हनूचा होता? तुका इचारल्याबिगर?"

मी थबकून त्यांच्याकडे वळले.

"बघ गो सुमन," त्या थांब्याच्या कठड्यावर बसल्या. "तुझ्या लग्नाक तुझो बापूस आनि काको आमच्या घराक इले. घर बघल्यानी, च्या पियाले, शब्द दिल्यानी. तू खंय होतंस? तू ना आमचा घर बघलंस, ना माका. माझ्या येळेक तर मी न्हवरोसुद्धा बघूक नाय. आज घर तू तुझ्या डोळ्यांनी बघलंस. मगे हो म्हनूचा कोनी? मी? सांग, पसंत आसा?"

डोक्यावरून एक विमान चाललं होतं. मी म्हटलं, "हो."

"मोठ्यान सांग, आयकाक येना नाय!"

"हो! पसंत आहे!" मी ओरडले. थांब्यावरची माणसं वळून बघू लागली. त्या दिवशी पहिल्यांदाच मला त्याचं काही वाटलं नाही.

"मगे फिर मागे. कळवून येवया."

कर्णिकबाई खोलीला कुलूप लावत होत्या. आम्हाला बघून त्यांनी काही न विचारता ते काढलं.

मुलुंडला पोचेपर्यंत दिवेलागण झाली होती. त्या प्रवासाला आता पुष्कळ वर्षं झाली. पुढे मी खूप फिरले, बर्फही पाहिला, समुद्रही ओलांडला. पण इतक्या लांब गेल्यासारखं पुन्हा कधी वाटलं नाही. माणसाला पसंती विचारली की ते बावचळतं, हे मला त्या दिवशी कळलं. विचारायची सवय नसलेल्या घरात तर जास्तच.

नवरा कामावरून आला, बूट काढता काढता नेहमीप्रमाणे त्याने आईला विचारलं, "काय ठरलं गो आये?"

सासूबाई नातीची वेणी घालत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "माका काय इचारतंस? तिका इचार."

तो बूट हातात घेऊनच उठला. मग स्वयंपाकघराच्या दाराशी आला आणि घसा खाकरून, जरा परक्यासारखं, म्हणाला, "काय ठरवलंस?"