एका ‘हं’चा मासा

भातसानगरच्या आमच्या क्वार्टरमध्ये टीव्हीच्या वर एक फोटो लावलेला आहे. त्यात मी दोन्ही हातांवर जिताडा आडवा धरून उभा आहे. मासा आठेक किलोचा, काखेत गळाची दांडी, आणि तोंड माझं माशापेक्षा जास्त उघडं. सहा वर्षं येणारा-जाणारा त्या फोटोखाली बसून चहा पितो आणि विचारतो, ‘तुमी धरला?’ तर तो मासा माझा नाही. ओढला मी, पण लागला होता दुसऱ्याच्या गळाला. हे मी आजवर कोणालाही सांगितलेलं नाही. बायकोला नाही, आणि ज्याचा मासा त्याला तर नाहीच.

बोलणं माझ्या स्वभावातच नाही. मी धरणाच्या दरवाज्यांवर नोकरीला. तिथे दिवसभरात बोलायचं काय, तर ‘उघडलं’ आणि ‘बंद केलं’. घरी आलो की ‘हं’ आणि ‘हं हं’ एवढ्यावर माझा संसार चालतो. दोन्हींतला फरक बायकोला कळतो. ज्या दिवसाची ही गोष्ट आहे त्या दिवशीही मी एवढंच बोललो. दोन ‘हं’ मिळून एक ‘हं हं’ होतो, मी तर एकदाच म्हटलं होतं. पण नको तिथे.

ज्यांचा मासा ते माझे मोठे मेहुणे. सगळे त्यांना भाऊ म्हणतात. मुरबाड तालुक्यात नदीकाठी त्यांचं गाव, भाताची शेती, पण पंचक्रोशीत ओळख गळाची. लग्नानंतर मला गळ टाकायला त्यांनीच शिकवलं. धरणावर नोकरी असून जावयाला मासा धरता येत नाही, याची माझ्यापेक्षा त्यांना जास्त लाज वाटायची.

त्या गावात पहिल्या गळाचा मान असतो. पावसाळाभर नदी गढूळ असते. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी गळवाले सगळे डोहावर जमतात, नारळ फुटतो, आणि गावातला सगळ्यात पटाईत माणूस पहिला गळ टाकतो. तो पाण्यात पडेपर्यंत बाकीच्यांनी आपला गळ भिजवायचा नाही. सासरे गेल्यापासून हा मान भाऊंचा होता. त्या दिवशी ते धुतलेला सदरा घालायचे. एरवी लग्नालासुद्धा त्यांना सदरा धुतलेला हवा असं काही नसायचं.

समुद्राची टूम काढली आसनगावच्या माझ्या मित्राने. तो रोज लोकलने मुंबईला जातो, म्हणून त्याला आम्ही पासवाला म्हणतो. त्याने मोबाइलवर शोधून काढलं की कोकणात तांडेल, म्हणजे होडी चालवणारे कोळी, स्वतः गाइड बनून पाहुण्यांना होडीतून गळ टाकायला नेतात. दांडी त्यांची, आमिष त्यांचं, वर नाश्ता.

‘मासा पन त्येच लावून देतात का गळाला?’ भाऊंनी विचारलं.

‘भाऊ, टाइमपास करू नका. येताय का नाय?’

भाऊ आले. येताना आपली बांबूची काठी आणि एक पत्र्याचा डबा घेऊन आले. काठी जीपच्या खिडकीतून हातभर बाहेर. डब्यात काय, हे त्यांनी पेणपर्यंत सांगितलं नाही. पेणला पासवाल्याने भूक लागली म्हणून डबा उघडला. आत शेतातल्या ओल्या मातीत भरलेली गांडुळं होती.

भल्या पहाटे निघून आम्ही धक्क्यावर पोचलो तर होडी चिखलात बसलेली. पाण्याचा पत्ता नाही. समोर लांबवर नुसता गाळ, त्यावर खेकडे फिरत होते. वीस वर्षं धरणावर काढलेला माणूस मी, माझ्या तोंडून आपसूक निघून गेलं, ‘पाणी कोणी सोडलं?’

तांडेल जाळ्याच्या ढिगावर बसून बिडी ओढत होता. पन्नाशीचा, काळाकभिन्न, अंगात ‘गाइड’ असं छापलेला पिवळा टीशर्ट. त्याने माझ्याकडे नीट बघून घेतलं.

‘चंद्रानं सोडलं, साहेब,’ तो म्हणाला. ‘लेखी आदेश नाय काढत तो. दोन तासांनी परत भरतो.’

दिवसभर मग तो मला ‘चंद्राचे साहेब’ म्हणत राहिला. पासवाला प्रत्येक वेळी हसत होता. भाऊ मात्र हसले नाहीत. ‘दाजींचं बरोबर हाय,’ ते म्हणाले. ‘येवढं पानी सांगितल्याबिगर सोडायचं म्हंजे काय?’ भाऊंनी माझी बाजू घेतली, हे मुद्दाम लिहून ठेवतो.

भरती आली, होडी तरंगली. तांडेलाने बांबूची काठी धक्क्यावरच ठेवायला लावली आणि गांडुळांकडे बघून कपाळाला हात लावला. ‘खाऱ्या पाण्यात ही जागेवर मरतील, शेठ. इथं जिवंत कोलंबी लागते.’

‘आमच्याकडं मासं गांडूळ बघून लाइन लावतात,’ भाऊ म्हणाले. पण काठी ठेवली. तांडेलाने तिघांना एकसारख्या काळ्या दांड्या दिल्या, चकरीवाल्या. भाऊंना ते रुचलं नाही. आपल्या काठीचा घरच्या देवीचा लाल दोरा त्यांनी सोडला आणि काळ्या दांडीला मुठीच्या वर बांधला. ‘आता वळखीची झाली,’ म्हणाले.

आणखी एक गोष्ट तांडेलाने होडी सुटल्यावर सांगितली, आणि तीच सगळ्यात जड गेली. या सफरीत मासा धरायचा, फोटो काढायचा आणि परत पाण्यात सोडायचा.

‘सोडायचा?’ भाऊ उभे राहिले. होडी हलली, ते बसले. ‘मंग धरायचा कशाला?’

‘मजा म्हणून, शेठ.’

‘मजा माशाची का आपली?’

तांडेल इंजिन बघायला गेला.

खाडीच्या तोंडाशी, खडकांच्या जवळ त्याने नांगर टाकला. तिथे होडी पुढे-मागे न जाता नुसती जागच्या जागी वरखाली व्हायला लागली. आमच्या डोहात असला प्रकार नसतो. हलतंय म्हटल्यावर पासवाला सवयीप्रमाणे पाच मिनिटांत झोपला. भाऊंचा रंग आधी उतरला, मग हिरवट झाला. हेलकाव्याने भाऊंचा डबा सांडला, गांडुळं फळीवर वळवळायला लागली, त्यांच्याकडे एकदा बघितलं आणि भाऊ डाव्या अंगाला ओणवे झाले. नंतरचा पाऊण तास मला त्यांची फक्त पाठ दिसली.

दांड्या तांडेलाने मागच्या बाजूला नळकांड्यांत उभ्या करून ठेवल्या होत्या. माझी आणि भाऊंची शेजारी शेजारी. अचानक एक दांडी कमानीसारखी वाकली आणि चकरी करकर ओरडायला लागली. लाल दोऱ्याची.

मी भाऊंकडे बघितलं. त्यांचे खांदे गदागदा हलत होते. तांडेल पुढून ओरडला, ‘चंद्राचे साहेब, धरा! आधी धरा!’ मी धरली. इथपर्यंत माझी चूक नाही. इथपर्यंत मी मेहुण्याची दांडी सांभाळणारा चांगला माणूस होतो.

पुढची पंधरा मिनिटं मला नीट आठवत नाहीत. तांडेल सांगत होता, ‘ओढा, सोडा, ओढा,’ आणि तो ‘सोडा’ म्हणेल तेव्हा मी ओढत होतो. तरी मासा आला. चांदीच्या परातीसारखा होडीत पडला. तांडेलाने झटपट माझ्या हातांवर ठेवला, दांडी काखेत खोचली आणि माझ्याच मोबाइलवर फोटो काढला. त्या गडबडीत पासवाला जागा झाला.

‘कल्याण गेलं का?’ तो म्हणाला. मग मासा बघून, ‘आईशप्पथ! तुझा काय रे?’

त्याच वेळी भाऊंनी तोंड पुसत मान वळवली. ‘कोनाला लागला?’

‘याला! याला लागला, भाऊ!’

दोघेही माझ्याकडे बघत होते. हातांत मासा होता, जड होता, तोंडाची उघडझाप करत होता. ‘भाऊंचा आहे’ हे दोनच शब्द होते. मी म्हणालो, ‘हं.’

मासा पाण्यात सोडला. तो एकदा शेपटी मारून गेला. भाऊ पुन्हा ओणवे झाल्यावर मी तो लाल दोरा सोडला आणि शेजारच्या, म्हणजे माझ्या दांडीला बांधला. माझ्या गळावरची कोलंबी तशीच्या तशी होती. धक्क्यावर उतरताना भाऊंनी त्या दांडीवरून आपला दोरा घेतला, कोलंबीकडे बघितलं, आणि माझ्या पाठीवर थाप मारली. ‘शाब्बास दाजी. आपल्या गळाकडं तर ढुंकून पन बघितलं नाय कोनी.’

घरी बायकोने वाटण करून ठेवलं होतं. पासवाल्याने वाटेतच माझ्या मोबाइलवरून फोटो पाठवला होता, त्यामुळे शेजारच्या दोन बिऱ्हाडांना जेवायचं आमंत्रणही गेलं होतं. मी रिकाम्या हातांनी दारात उभा.

‘मासा कुठंय?’

‘सोडला.’

‘सोडला? अवो, मंग आता काय फोटू तळू?’

त्या रात्री दोन बिऱ्हाडांनी जिताड्याच्या वाटणात अंडी खाल्ली. फोटोची फ्रेम मात्र तिनेच करून आणली.

त्याच साली दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी आम्ही डोहावर जमलो. नारळ फुटला. भाऊ धुतलेला सदरा घालून पुढे झाले, आणि हातातली काठी त्यांनी सगळ्यांसमोर माझ्या हातात दिली. ‘आता मान जावयाचा,’ ते म्हणाले. ‘समुद्रातून जिताडा काडलाय त्यांनी. आमी काय काडलं त्ये पासवाल्याला इचारा.’

पासवाल्याने नक्कल करून दाखवली. लोक पोट धरून हसले. कोणीतरी भाऊंना ‘उलटी तांडेल’ म्हणालं आणि ते नाव चिकटलं. भाऊही हसले. मला तेव्हा बोलायचं होतं, पण काठी हातात आली होती आणि सगळे थांबले होते. मी गळ टाकला. चप्पल लागली.

तेव्हापासून दर वर्षी पहिला गळ मीच टाकतो. चपलेनंतर एकदा बोटभर मळवी मासळी लागली, एकदा युरियाची गोणी, बाकी काही नाही. लोक म्हणतात, ‘दाजींचा हात मोठ्या पान्याला बसलाय, या डबक्यात काय लागनार?’ माझी कीर्ती वाढतच गेली. भाऊंनी पहिल्या वर्षी माझ्यानंतर गळ टाकला. दुसऱ्या वर्षी नुसते बसले. तिसऱ्या वर्षी गुडघे दुखतात म्हणून आले नाहीत, आणि नंतर आलेच नाहीत. मान देताना त्यांनी काठी मला कायमची देऊ केली होती. मी घेतली नाही, तेवढंच काय ते. गेल्या वर्षी बघितलं तर ती परसात दोडक्याच्या वेलाला टेकू म्हणून उभी होती. तीन दोडकी लोंबत होती. माझ्यापेक्षा जास्त.

‘भाऊ, काठी अशी?’ मी विचारलं.

‘असू द्या. काय तरी धरते ना.’

गेल्या महिन्यात भाऊंच्या डोळ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. तपासणीला शहापूरला आले तसे आमच्याकडे जेवायला थांबले. काळा चष्मा काढून रुमालाने पुसला आणि टीव्हीखाली न बसता टीव्हीसमोर उभे राहिले.

‘लई साफ दिसतंय गो,’ ते बहिणीला म्हणाले. ‘येवढी वर्षं ह्यो फोटू मी नुसता अंदाजानं बघत व्हतो.’ मग आणखी जवळ गेले. नाक काचेला लागायचं बाकी होतं. ‘दाजी, दांडीला त्ये लाल काय हाय?’

मी त्या फोटोकडे सहा वर्षांत इतक्या जवळून कधी बघितलेलं नव्हतं. काखेतून निघालेल्या दांडीवर, मुठीच्या वर, गाठ मारलेला लाल दोरा स्वच्छ दिसत होता. दांडीवरचा दोरा हलवला होता. फोटोतला तिथेच होता, आणि मीच तो भिंतीवर टांगून ठेवला होता.

‘चकरीचं बटण असतं,’ मी म्हणालो.

भाऊंनी चष्मा परत घातला.

‘बटन,’ ते म्हणाले. ‘हं.’

आणि जेवायला बसले. अळूची भाजी दोनदा मागून घेतली. निघताना नेहमीसारखे म्हणाले, ‘येतो, दाजी.’ त्यांचा ‘हं’ कुठला होता ते मला अजून कळलेलं नाही. बायकोला विचारावं तर आधी सगळंच सांगावं लागेल.

पंधरा दिवसांत दसरा आहे. परवा मी त्यांच्या परसात जाऊन आलो. दोडक्याच्या वेलाला दुसरा टेकू लावला, काठी धुऊन पडवीत उभी करून ठेवली. भाऊ शेतावर होते. वहिनी विचारत होत्या काय चाललंय म्हणून. मी चपला घालून निघालो.

जिताडा भाऊंचा होता, हे डोहावर नारळ फुटायच्या आधी, सगळ्यांच्या देखत, माझ्या तोंडाने सांगणं आणि पहिला गळ त्यांच्या हातात परत देणं, एवढं मी त्यांचं अजून देणं लागतो.