सीझनमध्ये घर रिकामं नसतं

वटारवरून समुद्राकडे उतरलात की आमच्या आळीत श्रीरंग राऊतचं घर लागतं. म्हणजे दिवाळी ते मे तिथे 'अश्लेषा बीच रिसॉर्ट' लागतं; घर लागायला पावसाळा यावा लागतो. रिसॉर्टला नाव एकुलत्या एका लेकीचं दिलंय. बाकी सीझनमध्ये त्या लेकीला तिथे झोपायला खाट मिळत नाही, हा भाग वेगळा.

मी कुंपणापलीकडची शेजारीण. वयाने मोठी, म्हणून त्याला अरे-तुरे करते. थंडी पडली की हे अख्खं कुटुंब मागच्या केळीच्या वखारीत मुक्काम हलवतं. देवसुद्धा हलतात, कारण देवघराची आता एसी रूम झालीय. मग शाळांच्या सहली, लग्नाआधीचे फोटो काढायला विहिरीला टेकून उभी राहणारी जोडपी, एकतीस डिसेंबरची ओरड आणि मे महिन्यात तर विचारूच नका. श्रीरंग हाफ पॅन्ट चढवून फाटकात उभा: "वेलकम सर, नाश्ता रेडी है!" समुद्रात उतरायला बंदी आली की हाफ पॅन्ट जाते, लुंगी येते, देव घरात येतात, आणि हाच माणूस कुंपणावर रेलून मला विचारतो, "वैनी, हिरीला पानी किती चढला?"

काउंटरवर त्याने पाटी लावलीय: 'आधार कार्ड सक्तीचे. लोकल पत्त्यावर रूम मिळणार नाही.' नियम म्हणजे नियम. एकदा त्याचा सख्खा मेव्हणा जेवून सुस्तावला आणि तासभर आडवं व्हायला रूम मागू लागला, तर श्रीरंगने त्यालाही पाटी दाखवली. मेव्हणा माझ्या ओट्यावर येऊन घोरला.

तर गेल्या वर्षी अश्लेषाचं लग्न ठरलं. मुलगा सिद्धेश, गोखिवऱ्याला फ्लॅट, नोकरी मुंबईला. लग्न मे महिन्यात, हॉलवर. मुलीची मागणी एकच. लग्नाची मेढ आपल्या अंगणात रोवायची, हळद तिथेच लागायची, आणि हॉलवर निघायचं ते आपल्या घरातून.

"मे महिना हाय, बाय," श्रीरंग म्हणाला. आशालता, त्याची बायको, सहसा नवऱ्यापुढे बोलत नाही. त्या दिवशी बोलली, "पोर आपली हाय ना? का तीपन बुकिंग करून येऊ दे?" तेव्हा कुठे त्याने हळदीसाठी बुधवार दिला. मधल्या वारी पब्लिक नसते, असा त्याचा हिशेब.

पण पंचांग काय एकट्या श्रीरंगासाठी छापतात? मुहूर्त सगळ्यांचाच. त्याच बुधवारी बोरिवलीच्या एका नवरीच्या हळदीचं बुकिंग आलं, सगळ्या रूमसकट. श्रीरंगला 'नाही' म्हणता येत नाही, म्हणजे गिऱ्हाइकाला. लेकीला म्हणाला, "आपन मागे करू ना वखारीपाशी. हळद ती हळदच."

आता मेढ रोवायची तर माती हवी. पण पाव्हण्यांचे पाय मळू नयेत म्हणून त्याने फाटकापासून वखारीपर्यंत पेव्हर ब्लॉक ठोकलेले. तुळशीपुढे होती तेवढी माती रेन डान्सच्या लादीखाली गेली. शेवटी रंगाची रिकामी बादली आणली, तिच्यात किनाऱ्यावरची रेती भरली आणि उंबराची फांदी बांधलेली मेढ तिच्यात खोचली. फ्लॅटवाले बादलीत रोवतात, बिचाऱ्यांना माती नाही. हा दोन एकर वाडीचा धनी!

मी पूजेला गेले होते. पुढे बोरिवलीकरांचा डीजे, झेंडूचा झोपाळा, पिवळे पडदे. मागे जनरेटरशेजारी आमची बादली. अश्लेषा पाटावर बसणार, एवढ्यात पुढून एक बाई आली. म्हणाली, "भैया, वो बाल्टी जरा साइड में करो ना, फोटो में आ रही है."

आणि श्रीरंगने बादली सरकवली.

अश्लेषाने मेढ रेतीतून उपसली, कुंपणाच्या फटीपाशी नेली आणि मागे वळून मला विचारलं, "काकी, तुमच्या अंगणात खड्डा खणू?"

मी पहार दिली. खोटं कशाला बोलू, श्रीरंगची जिरली म्हणून आधी बरं वाटलं. पण पोरगी कमरेत वाकून खणायला लागली आणि माझा जीव तुटला. आशालताने हळद कालवली. श्रीरंग पाव्हण्यासारखा आला, लेकीच्या गालाला बोट लावलं आणि लगेच गेला. तिकडे पनीर कमी पडलं होतं. दुसऱ्या दिवशी अश्लेषा हॉलवर निघाली ती माझ्या उंबऱ्यावरून.

आषाढात नवी नवरी माहेरी येते. रिसॉर्ट बंद, समुद्र खवळलेला, एक गिऱ्हाईक नाही. श्रीरंगने आठ दिवस आधीपासून तयारी मांडली. देव घरात आले, तिची जुनी खोली धुतली, दारावरचा '१०१' स्वतः पटाशीने उचकटला. बाजारात जाऊन पापलेटं आणली, बर्फातली का होईना. मला म्हणाला, "वैनी, आता महिनाभर घर तिचा."

ती आली. छत्री मिटली, चपला काढल्या. लुंगी सावरत श्रीरंग पुढे झाला. पण ती आत गेली नाही. काउंटरपाशी थांबली, पर्स उघडली आणि आपलं आधार कार्ड त्याच्यापुढे ठेवलं.

वर्षानुवर्षांची सवय. श्रीरंगचा हात आपोआप गेला, त्याने कार्ड उचललं आणि वाचलं. नाव अजून बदललेलं नव्हतं. अश्लेषा श्रीरंग राऊत. पत्ता ह्याच घराचा.

"लोकल आहे, बाबा," ती म्हणाली. "चालेल का?"