मॉडेलमध्ये नसलेले सात खड्डे

आमच्या किसी गावच्या बाजारात अजून लोक म्हणतात, केरूबो ओंबातीने आडमुठेपणा केला म्हणून शाळेचं काम बिघडलं. असं म्हणणाऱ्याचं थोबाड फोडावंसं वाटतं मला. पण हात उचलला की पहिली थोबाडीत मलाच द्यावी लागेल, म्हणून लिहायला बसलो आहे.

केरूबो आमच्या ऑफिसात बांधकामाचा खर्च काढायची. इमारत अजून कागदावर असताना तिला किती दगड, किती सिमेंट, किती खोदाई लागेल हे मोजून एस्टिमेट बांधायचं, हा तिचा तीस वर्षांचा धंदा. तिची सही आणि शिक्का पडल्याशिवाय एस्टिमेट बाहेर जात नसे. मी मोकाया. मी संगणकावर इमारतीचं मॉडेल उभं करायचो आणि ती त्यावरून मोजायची.

जुन्या वळणाची बाई यंत्राला घाबरली, असं कुणी म्हणत असेल तर तेही धादांत खोटं आहे. मॉडेलचा प्रकार आमच्याकडे आला तेव्हा पन्नाशी उलटलेल्या केरूबोने तो सगळ्यांच्या आधी शिकून घेतला. पूर्वी ती आठवडाभर कागदावर रकाने आखून मोजायची, ते आता दहा मिनिटांत होतं याचा तिला आनंदच होता. माझ्या चुका तर ती चहा पिता पिता काढायची. "मोकाया, तुझी भिंत छपरातून वर आलीय. कोंबड्या बसवायच्यात का?" नाहीतर, "हा खांब एकाच जागी दोनदा आहे. जुळे झाले वाटतं." सगळं ऑफिस हसायचं आणि मी मान खाली घालून दुरुस्ती करायचो. एकच गोष्ट ती न हसता सांगायची. मॉडेल काढलेलंच मोजतं. जे काढलं नाही ते आपल्या डोक्यात हवं.

डोंगरावरच्या प्राथमिक शाळेच्या दुमजली इमारतीचं काम आलं. जून संपायच्या आत कंत्राट झालं नाही तर सरकारी मंजुरी बुडणार होती. मी मॉडेल केलं, खर्च मंजुरीत बसला, आमचे मालक इंजिनिअर ओसोरो खूश झाले. केरूबोने मात्र जागेच्या मोजणीचा नकाशा काढला आणि माझ्या मॉडेलशेजारी पसरला.

"इथं केळीची सात बेटं दाखवलीत. तुझ्यात कुठं गेली?"

"पुसली. उगाच गिचमिड होत होती."

"एका रांगेत आहेत, मोकाया. तुझी आई परसात केळी अशी रांगेत लावते?"

मी नकाशावरच्या त्या रांगेवरून पुन्हा बोट फिरवलं. आमच्याकडे संडासाचा खड्डा भरला की माती लोटून बुजवतात, वर केळ लावतात आणि शेजारी नवा खणतात. शेंबड्या पोरालाही हे ठाऊक असतं. मी याच डोंगरात वाढलो, आणि मला ती केळी नकाशावरचा कचरा वाटली.

दुसऱ्या दिवशी ती मला घेऊन शाळेवर गेली, खांद्यावर बारा फुटी लोखंडी गज टाकून. शाळेची म्हातारी स्वयंपाकीण चुलीवर मका-घेवडा ढवळत होती.

"आजी, त्या केळींच्या जागी संडास होते का?"

"होते का म्हणजे? मी इथं आले तेव्हापासून. एक भरला की पुढचा. आणि ती केळी खाऊ नकोस, बाई."

केरूबोने गज टेकवला आणि भार दिला. मक्याच्या पिठाच्या शिजलेल्या उगालीत बोट जावं तसा तो पूर्ण आत गेला. सातही ठिकाणी तसाच गेला. माझ्या मॉडेलमध्ये नेमका त्याच रांगेवर मागच्या भिंतीचा पाया होता.

खड्डे उपसून भक्कम भरण्याचा खर्च तिने एस्टिमेटमध्ये घातला आणि आकडा मंजुरीच्या वर गेला. ओसोरोंनी सगळ्यांसमोर कागद टेबलावर आपटला. शाळेचे मुख्याध्यापकही तिथेच बसले होते; त्यांना आम्ही सगळे म्वालिमू, म्हणजे गुरुजी, म्हणतो.

"मॅडम, मॉडेलमध्ये खड्डे आहेत?"

"नाहीत."

"मग एस्टिमेटमध्ये कुठून आले? तुमच्या पोटातून?"

"जमिनीतून आले, इंजिनिअर. येऊन बघा."

मुख्याध्यापक उसळले. "तीनशे पोरं झाडाखाली बसतात, मॅडम. मंजुरी बुडाली तर त्यांना काय सांगू?"

"म्वालिमू, त्या पोरांच्या डोक्यावर दुसरा मजला येणार आहे. मी यावर सही करणार नाही."

संध्याकाळी ती माझ्या टेबलापाशी आली. "ते सात खड्डे मॉडेलमध्ये काढ. मग यंत्रच मोजेल आणि इंजिनिअरला बोलायला तोंड उरणार नाही. मी काढले तर म्हणतील बाईने रचले. मॉडेल तुझं आहे."

अर्ध्या तासाचं काम होतं. मी म्हणालो, "बघतो, मॅडम." काय बघणार होतो मी? मला फक्त माझी नोकरी दिसत होती. मी खड्डे काढले नाहीत.

शुक्रवारी ओसोरोंनी तिला काढून टाकलं. दुसऱ्या गावातून एक शिक्केवाला आणला. त्याने जागेवर पाऊलही न ठेवता सही ठोकली, आणि मी मूग गिळून बसलो.

ऑगस्टमध्ये मागच्या भिंतीचा चर खणताना जमीन बसली. माकोरी नावाचा मजूर खाली गेला. तो त्याच शाळेत शिकलेला होता. त्याला वर काढेपर्यंत संध्याकाळ झाली आणि तो संपलेला होता.

चौकशी बसली. ओसोरोंनी माझं मॉडेल पडद्यावर दाखवलं. जमीन सपाट, स्वच्छ. 'आधी कळण्यासारखं नव्हतं,' असं म्हणून त्यांनी हात वर केले. वर गावात पसरवलं, की त्या बाईने सहीसाठी अडवून दिवस खाल्ले, म्हणून जागा तपासायला वेळ उरला नाही. ज्या बाईने एकटीने जागा तपासली तिच्याबद्दल हे! आणि मी मागच्या खुर्चीवर बसून ऐकून घेतलं. ओसोरोंचा राग येतो, त्या शिक्केवाल्याचा येतो, पण माझी किळस येते.

रविवारी मी मॉडेल उघडलं, साती खड्डे काढले आणि संगणक घेऊन केरूबोच्या घरी गेलो. ती दारात चिन्सागाची भाजी निवडत बसली होती. तिने मला शिव्या घालाव्यात, हाकलून द्यावं, असं मला फार वाटत होतं. तिने हात पुसले, चष्मा लावला आणि एकेक खड्डा तपासला.

"हे घेऊन उद्या चौकशीवाल्यांकडे जायचं. बोलायचं तू. मी नाही."

"हो, मॅडम."

"सगळे तीस फूट खोल काढलेस?"

"अंदाजाने."

"तिसरा चाळीस आहे. माकोरीला काढायला दोर किती सोडला ते मी विचारून आलेय."

मी तिच्यासमोर तीसचे चाळीस केले. यंत्राने लगेच नवा खर्च काढून दिला.