गिझरखालची घोडी

गिझर भिंतीवरून निखळून पडला तेव्हा ठिणगी लाँड्रीत एका हॉटेलच्या चादरींना इस्त्री करत होती. शेजारीण धापा टाकत दारात आली. "अगं चल लवकर! तुझे बाबा बाथरूममध्ये... गिझर पडलाय त्यांच्या अंगावर."

ठिणगीनं इस्त्री उभी केली, बटण बंद केलं आणि कुणालाही न विचारता निघाली. रस्ताभर ती रडली नाही. ती शिव्या देत होती. घरमालकाला, प्लंबरला आणि सगळ्यांत जास्त आपल्या सख्ख्या धाकट्या भावाला. शेजारीण मागून पळत होती आणि येणारेजाणारे बाजूला होत होते.

बाबा बाथरूमच्या उंबऱ्याशी टेकून बसले होते. खांद्याला खरचटलं होतं, गरम पाण्यानं पोटरी भाजली होती आणि पावलावर गिझरचा कोपरा आदळल्यानं ते सुजून टम्म झालं होतं. भिंतीला मुठीएवढी दोन भगदाडं पडली होती, तुटलेली वायर लोंबत होती.

"काही नाही गं झालं," बाबा म्हणाले.

"तुम्ही बोलू नका," ती म्हणाली. "बोलायचं ते मी बोलणार आहे आता. एकेकाशी."

ठिणगी हे नाव तिला सासरी पडलं होतं. तिथं कपबशी फुटली तरी खापर तिच्यावर फुटायचं आणि ती गप्प बसायची नाही. शेवटी एका दुपारी तिनं स्वतःची बॅग भरली आणि बाबांच्या दारात येऊन उभी राहिली. बाबांनी एक शब्द विचारला नाही, बॅग उचलून आत नेली. त्यांचं आयुष्यच सामान उचलण्यात गेलं होतं. लोकांची घरं हलवायच्या कामावर ते होते. कपाटं, शिलाई मशीन, कुणाचा पियानोसुद्धा पाठीवर घेऊन जिने चढायचे. सगळे त्यांना क्रेन म्हणायचे. आई गेल्यावर घरात हे दोघंच उरले. भाऊ लग्न करून पलीकडच्या गल्लीत राहायला गेला होता.

ठिणगीचा राग उगाचचा नव्हता. गिझर कलतोय हे तिनं आधीच पाहिलं होतं. सकाळी बादलीत भिंतीचा चुरा सापडायचा. तिनं जिन्यात घरमालकाला गाठलं, तर तो म्हणाला, "भिंत माझी, गिझर तुमचा. ज्यानं बसवला त्याला विचारा." ज्यानं बसवला तो प्लंबर म्हणाला, "माझे बोल्ट पक्के आहेत, भिंतच पोकळ आहे. खालून टेकू द्या एखादा." टेकू कोण देणार? भाऊ. तो फॅब्रिकेशनच्या वर्कशॉपमध्ये ग्रिल आणि फाटकं करायचा, हात सोन्याचा होता, पण प्रत्येक कामाला त्याचं एकच उत्तर असायचं, "उद्या करतो." वर्कशॉपमधल्या मंडळींनी त्याचं नावच उद्या ठेवलं होतं.

"टेकूच ना ताई? उद्या आणून देतो."

तो उद्या काही उगवला नाही. गिझर मात्र पडला.

दवाखान्यात बाबांच्या पावलाला प्लास्टर घातलं, पोटरीला मलमपट्टी केली आणि काही दिवस तिथंच राहायला सांगितलं. संध्याकाळी ठिणगी घरमालकाच्या दारात उभी राहिली. तो जेवत होता.

"जेवा, जेवा," ती म्हणाली. "तुमच्या भिंतीखाली माझे बाबा मेले असते तरी तुम्हाला घास गेला असता, एवढं कळलं आज."

"अहो, असं काय बोलता? मी पाठवतो ना गवंडी."

"कधी? छप्पर डोक्यावर आल्यावर?"

प्लंबरला तिनं चौकात गाठलं. तो एका गिऱ्हाइकाशी बोलत होता. तिनं त्या गिऱ्हाइकालाच सांगितलं, "यांच्याकडून काही टांगून घेऊ नका, डोक्यावर घेऊन आंघोळ करावी लागेल." प्लंबरचं तोंड पडलं. तिचं पोट अजून भरलं नव्हतं. ती तिथून थेट वर्कशॉपला गेली.

भाऊ चेहऱ्यावर काचेचा मुखवटा लावून वेल्डिंग करत होता. ती ठिणग्या उडत असतानाच समोर जाऊन उभी राहिली. त्यानं घाईघाईनं मशीन बंद केलं.

"ताई, मला आत्ताच कळलं, मी निघतच होतो..."

"नीघ ना. उद्या नीघ! बाप दवाखान्यात आहे, तो काय पळून जातोय? लोकांच्या फाटकांना वेली नि फुलं काढायला वेळ आहे तुला. बापाच्या डोक्यावर लोंबणाऱ्या टाकीला चार लोखंडी पाय लावायला वेळ नाही. लाज वाटत नाही?"

ग्रायंडर थांबले. सगळं वर्कशॉप बघत होतं. भावाची मान खाली गेली ती वर आली नाही. तिला ते दिसलं, आणि तरीही ती थांबली नाही. आईच्या आजारपणातला त्याचा चुकारपणा, तिच्या भांडणात तिच्या सासरी एकदाही न आलेला तो, सगळं तिनं तिथं ओतलं. शेवटी म्हणाली, "बाबा घरी यायच्या आत टेकू उभा दिसला पाहिजे. नाहीतर मला तोंड दाखवू नकोस."

टेकू घेऊन तो स्वतः आला. तोवर गवंड्यानं भिंत बुजवली होती आणि प्लंबरनं मान खाली घालून नवा गिझर अडकवला होता. भावानं केलेलं काम खरोखर देखणं होतं. चार पायांची लोखंडी घोडी, वर रबर लावलेली बैठक आणि प्रत्येक पायाच्या टोकाला आटे पाडलेला जाड बोल्ट. बाथरूमची फरशी पाणी वाहून जावं म्हणून एका बाजूला उतरती होती, त्यामुळं ठरलेल्या उंचीचा स्टँड तिथं डुगडुगला असता. इथं प्रत्येक पाय वेगळा वरखाली होत होता. पान्यानं एकेक बोल्ट फिरवत त्यानं घोडी इतकी उचलली की बैठक गिझरच्या बुडाला घट्ट भिडली.

"आता भिंतीवर भार नाही," तो म्हणाला. "सगळं वजन जमिनीवर."

"वरातीमागून घोडं म्हणतात ते हेच," ती म्हणाली.

कोपऱ्यात जुन्या गिझरचे काढलेले बोल्ट पडले होते. त्यानं एक उचलून बराच वेळ उजेडात धरला.

"ताई, हा नुसत्या वजनानं वाकलेला नाही. वजनानं खाली वाकला असता. हा बाजूला वाकलाय, बाबा आंघोळीला बसतात त्या स्टुलाच्या बाजूला. पाइपही तिकडंच ओढला गेलाय. कुणीतरी..."

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "म्हणजे आता दोष बाबांचा? तू टेकू दिला नाहीस, हे राहिलं बाजूलाच? ऊठ, नीघ इथून!"

तो पाना तिथंच टाकून गेला.

बाबा घरी आले. पायाला प्लास्टिकची पिशवी बांधून, टॉवेल नेसून ते पहिल्यांदा आंघोळीला बसले तेव्हा ठिणगी बाहेर भाजी चिरत होती. पाण्याचा आवाज थांबला. मग लोखंड फरशीवर घासल्याचा कर्र असा आवाज आला, आणि पुन्हा एकदा. तिनं सुरी टाकली, लोटलेलं दार ढकललं.

बाबा बुटक्या स्टुलावरून उठत होते. दोन्ही हातांनी त्यांनी गिझरमधून नळाकडं उतरणारा पाइप घट्ट धरला होता आणि त्याला लोंबकळत, दातओठ खात ते अंग वर ओढत होते. घोडी जागची हलली होती. पाइप बाजूला वाकत होता.

ती बघत राहिली. मग तिनं त्यांच्या काखेत हात घातला, उभं केलं, बाहेर आणून खुर्चीवर बसवलं. मग स्फोट झाला.

"किती दिवसांपासून चाललंय हे?"

"बरेच."

"बरेच! आणि मी गावभर भांडत फिरले! त्या पोराला दहा माणसांत सोलून काढलं मी! तुम्ही दवाखान्यात पडून ऐकत होता सगळं, तेव्हा तोंड शिवलं होतं तुमचं? एका शब्दानं सांगता आलं नाही की गुडघे उचलत नाहीत?"

"नाही सांगता आलं!" बाबाही कडाडले. इतका मोठा आवाज तिनं त्यांच्या तोंडून कित्येक वर्षांत ऐकला नव्हता. "लोकांची कपाटं पाठीवर घेऊन जिने चढलो मी. आणि आता स्टुलावरून उठायला लेकीला हाक मारू? ओला, उघडा?"

"मारायची! मी कशाला आहे इथं?"

"मारली असती तर काय केलं असतंस? आधी मला फाडून खाल्लं असतंस. मग डॉक्टरला, मग स्टूल विकणाऱ्याला. या घरात पेला सांडला तरी मी आधी तुझं तोंड बघतो. तुझ्या रागाची भीती वाटते मला, पोरी. बापाला भीती वाटते!"

ठिणगीला राग येत होताच, उलट जास्तच येत होता, पण तो कुणावर काढायचा तेच समजेना. ती आत गेली आणि उरलेली भाजी इतक्या जोरात चिरली की सुरीच्या मुठीवर बोटं आखडली. सासरी तिला राग नसता तर ती तिथंच संपली असती. त्या रागानंच तिला बाहेर काढलं होतं. तो इथं, या घरात, कुणासाठी पाजळत ठेवला होता मग? घरमालकाची भिंत पोकळ होती हे खरं. प्लंबरनं ठोकून पाहिलं नव्हतं हेही खरं. भावानं उशीर केला होता. त्यांतलं काहीही तिला मागं घ्यायचं नव्हतं. पण बाप पाइपला लोंबकळत होता तो तिच्यामुळं, आणि हे तिला कुणाच्याही दारात जाऊन ओतता येत नव्हतं.

संध्याकाळी ती पाना घेऊन भावाच्या घरी गेली. दार वहिनीनं उघडलं आणि ठिणगीला 'ये' असंही न म्हणता ती आत निघून गेली. भाऊ समोर आला, खुर्ची सरकवली, पण स्वतः बसला नाही.

"तू बरोबर होतास," ठिणगी म्हणाली. "बाबाच पाइप ओढतात. लगेच तोंड वर करू नकोस, उशीर तू केलासच. पण वर्कशॉपमध्ये जे बोलले ते... तिथं बोलायचं नव्हतं."

"तिथं बोलायचं नव्हतं की बोलायचंच नव्हतं?"

तिच्या कपाळाची शीर उडाली. तिनं ओठ आवळले. "आईचं बोलायचं नव्हतं."

"अजून लोक चिडवतात मला तिथं," तो म्हणाला. "मला राग आलाय तुझा. लगेच जायचा नाही तो."

"नको जाऊ देऊस. पण बाबांना उठता येत नाही, त्याचं काय करायचं ते सांग."

तो दुसऱ्याच दिवशी सकाळी आला. उद्या म्हणाला नाही. त्यानं घोडीचे पाय फरशीला बोल्टनं जखडले, भिंतीच्या पक्क्या बाजूला धरायला जाड दांडा लावला. मग बाबांचं बुटकं स्टूल बाजूला फेकून त्यानं नवं लोखंडी स्टूल ठेवलं, घोडीसारखेच फिरणारे पाय असलेलं. बाबांना त्यावर बसवून तो बोल्ट फिरवत गेला, गुडघे सरळ होऊन ते सहज उठेपर्यंत. बाबा कुरकुरत होते, "एवढं उंच? दुकानात बसल्यासारखं वाटतंय." भाऊ हसला नाही, बहिणीकडं बघितलंही नाही. काम संपवून हत्यारं गोळा करून गेला.

ठिणगी बदलली असं काही झालं नाही. लाँड्रीच्या मालकाशी तिचं त्याच आठवड्यात कडाक्याचं भांडण झालं आणि त्यात बरोबर तीच होती. भाऊ पुढं बरेच दिवस फक्त बाबांशीच बोलला. पण एका सकाळी प्लास्टर काढलेला पाय साबणावर घसरला तेव्हा बाबांनी बाथरूममधून सरळ आरोळी ठोकली, "अगं ए, ये इकडं, मी पडतोय!"

ती धावली. त्यांना सावरता सावरता तिनं साबण, साबणाची डबी आणि त्यांचा निष्काळजीपणा, सगळ्यांचा उद्धार केला. बाबांनी पण तिला सोडलं नाही. एकमेकांच्या आधारानं भांडत भांडत दोघं बाहेर आली.