काकांचे रविवारचे मेल

हिंगणीच्या भाजीपाला उत्पादक गटाचा मेल सर्व्हर मीच बसवला होता. गटाचे सचिव म्हणजे आमच्या शेजारचे काका. त्यांची एकुलती मुलगी पुण्यात होती. तिने मनाविरुद्ध लग्न केलं तेव्हा काका तिला नको ते बोलले होते आणि तेव्हापासून ती त्यांचा फोन उचलत नव्हती. काकू आधीच गेलेल्या.

एका दुपारी वांग्यांचे क्रेट गाडीत चढवून झाल्यावर काका म्हणाले, "आपल्या गटाच्या पत्त्यावरून पोरीले मेल करता येईन का रे?"

मी शिकवलं. मग दर रविवारी ते माझ्या खोलीत येऊन एका बोटाने टाइप करायचे. तेवढा वेळ मी बाहेर ओट्यावर बसायचो.

"उत्तर नाई आलं," ते जाताना म्हणायचे. "पण वाचत असन ना?"

"वाचत असन, काका."

असं वर्षभर चाललं. थंडीत एका सकाळी वाफ्यांना पाणी देताना काकांच्या छातीत कळ आली आणि ते गेले.

मुलगी आली. तेरवीच्या आदल्या दिवशी ती मला म्हणाली, "दादा, बाबानं मले एक ओळबी नाई लिहिली."

"लिहिलं त्यायनं. दर रविवारी लिहिलं."

तिने फोन माझ्या हातात दिला. स्पॅममध्ये काकांचे शेवटचे तीन मेल होते. महिन्याहून जुने आपोआप पुसले गेले होते.

कारण शोधायला मला वेळ लागला नाही. मेल आला की समोरचा सर्व्हर पाठवणाऱ्याच्या आयपी नंबरावरून त्याचं नाव उलटं शोधून बघतो. त्याला रिव्हर्स डीएनएस म्हणतात. नाव सापडलं नाही तर तो मेल सहसा स्पॅममध्ये टाकतो. आमच्या नंबराला नावच लावलेलं नव्हतं. ज्या कंपनीचा सर्व्हर भाड्याने घेतला, तिला सांगून ते लावून घ्यावं लागतं. मला ते ठाऊक होतं. पण चाचणीचा मेल माझ्या स्वतःच्या खात्यावर पोचला, म्हणून मी ते राहू दिलं. व्यापाऱ्यांशी सगळं फोनवरच चालायचं, त्यामुळे कुणाची तक्रारही आली नाही.

मी तिला हे सगळं सांगितलं. पाठवलेल्या मेलची प्रत आमच्या सर्व्हरवर होती. ती माझ्या खोलीत बसून एकेक वाचत गेली. एक तिने मोठ्याने वाचला : "बाई, माह्यं चुकलं. दिवाळीले येजो. जावयालेही आणजो."

दिवाळी होऊन गेली होती.

शेवटचा वाचून झाल्यावर ती म्हणाली, "फोन तर मीच उचलत नोती, दादा."

तिने मला दोष दिला नाही, पण त्याने मला हलकं वाटलं नाही.

त्याच संध्याकाळी मी कंपनीला कळवलं आणि दोन दिवसांत नंबराला नाव लागलं. तोवर ती पुण्याला परतली होती. मी काकांचे सगळे मेल तिला पुन्हा पाठवले. तिने एका शब्दात कळवलं, "पोचले."

त्यानंतर तिच्याकडून काही आलेलं नाही. मीही विचारलेलं नाही.