ब्याऐंशी नंबरचं गीत

इथले अनुभव मी नेहमी वाचते, पण खरं सांगायचं तर चहाबरोबर वेळ जायला. पांढऱ्या साडीतली बाई, मागून आलेली हाक... माझा कशावरही विश्वास नाही. आमची गाडीसुद्धा आम्ही अमावास्येला आणली, कारण शोरूममध्ये गर्दी नव्हती. तरी आज लिहितेय. गेल्या दोन वर्षांत ही गोष्ट मी फक्त नवऱ्याला सांगितली आहे, आणि त्याने सगळं ऐकून घेऊन टीव्हीचा आवाज वाढवला.

मी राहते सदाशिव पेठेत आणि खडकीच्या बाजूला एका छोट्या लुथरन कॉलेजात लायब्ररियन आहे. कॉलेजचं नाव देत नाही, अजून नोकरी करायची आहे. दगडी दुमजली इमारत, मुलींचं हॉस्टेल, एक बॅडमिंटन कोर्ट आणि मागे चॅपल. इतकं छोटं की एखादी मुलगी दोन वेळा जेवायला आली नाही तर मेसच्या मावशी वर्गात येऊन चौकशी करतात. मी ख्रिश्चन नाही. पण चॅपलमध्ये एक लाकडी बोर्ड आहे, त्यावर त्या दिवशीच्या गीतांचे नंबर लावायचे असतात. रंगवलेल्या आकड्यांच्या पट्ट्या खाचेत सरकवायच्या, लोक ते बघून गीतपुस्तकाचं पान उघडतात. हे काम मी नोकरीला लागले तेव्हापासून, म्हणजे अकरा वर्षं माझ्याकडे होतं. पट्ट्यांची पेटी लायब्ररीच्या कपाटात, कपाटाची किल्ली माझ्या पर्समध्ये.

त्याच अकरा वर्षांत मी आणखी एक उद्योग केला. कॉलेजचा इतिहास गोळा केला. कोणी सांगितलं नव्हतं. वाळवी लागलेल्या वह्या ऊन दाखवून वाचवल्या, जुन्या मेट्रनबाईंच्या डायरीतलं मुंग्यांसारखं अक्षर लावलं. एका साथीच्या वर्षी चॅपलमधले बाक हलवून आजारी मुलींना तिथेच ठेवलं होतं, हे आज कॉलेजात कोणाला माहीत असेल तर ते माझ्यामुळे.

मग कॉलेजच्या इतिहासाचं पुस्तक काढायचं ठरलं, आणि ते लिहायला दिलं एस्थरला. इंग्रजीची नवी लेक्चरर. वय एकोणतीस, कॉलेजात येऊन दीड वर्ष.

"अहो शुभदाताई, माहिती तुमची, भाषा तिची. दुधात साखर!" प्रिन्सिपल सर म्हणाले.

कव्हरवर साखरेचं नाव आलं. दुधाचं नाव आभाराच्या यादीत, कॅन्टीनच्या मामांच्या खाली.

मला तिचा हेवा वाटायचा. वाटायचा कसला, जळायचे मी. ती लायब्ररीत येऊन गोड आवाजात "ताई, ती डायरी मिळेल?" म्हणायची आणि मी डायरी तिच्यापुढे अशी ठेवायचे की टेबल वाजायचं. तिला ते कधी कळलं नाही, याचाही राग यायचा.

प्रकाशनाचा कार्यक्रम चॅपलमध्ये ठेवला होता, सकाळी अकराला. आमच्या पहिल्या प्राचार्यांची नात, सगुणाबाई, मुद्दाम येणार होत्या. नव्वदीच्या पुढच्या, व्हीलचेअरवर. मेट्रनबाईंच्या डायरीत होतं की प्राचार्यांच्या शेवटच्या आजारात नातीने रोज त्यांच्या उशाशी बसून 'गीत ८२' म्हटलं. एस्थरने ते पुस्तकात घेतलं, आणि शेवटी सगळ्यांनी तेच गीत म्हणून सगुणाबाईंना चकित करायचं ठरवलं. आदल्या दिवशी तिने मला तीन नंबरांची चिठ्ठी दिली. शेवटचा, ८२.

आता गंमत बघा. डायरी लिहिली तेव्हा जुनं गीतपुस्तक होतं. पुढे नवं आलं, गीतांचा क्रम बदलला. जुन्यातलं ८२ म्हणजे संध्याकाळचं, निरोपाचं गीत. ते नव्यात २१७ आहे. नव्यातलं ८२ काय आहे? लग्नाचं! नवरानवरीला आशीर्वाद. चॅपलमध्ये सगळी नवीच पुस्तकं. जुनी प्रत एकच, माझ्या कपाटात. एस्थर कॉन्व्हेंटमधली, तिला इंग्रजी गीतं पाठ. मराठी पुस्तक तिने उघडलंही नव्हतं.

मला सांगता आलं असतं. चिठ्ठी हातात घेतली त्याच क्षणी मला कळलं होतं. पण मी म्हटलं, "लावते." आणि घरी जाऊन शांत झोपले.

सकाळी साडेदहाला मी स्टुलावर चढून नंबर लावले. खोटं काहीच केलं नाही, जे लिहून दिलं ते लावलं. खालच्या ओळीत आठ आणि दोन. आठाच्या पट्टीचा वरचा कोपरा तुटलेला आहे, तो मी सरळ करून बसवला. पेटी कपाटात ठेवली, कुलूप लावलं, स्टूल लायब्ररीत नेलं. आणि शेवटच्या बाकावर येऊन बसले, मजा बघायला. वाईट वाटतंय लिहिताना, पण बसले.

हार्मोनियमवाले वसंतमास्तर ऐनवेळी येतात आणि बोर्डवर असेल ते वाजवतात. मागे एकदा माझ्याकडून चूक झाली तर त्यांनी भर एप्रिलमध्ये नाताळचं गीत वाजवलं होतं. त्यामुळे ती बाजू पक्की होती.

कार्यक्रमभर मी बोर्डकडे बघत होते. ८२. भाषणं झाली, ८२. एस्थर माइकवर आली, सगुणाबाईंकडे वळून म्हणाली, "आजी, हे तुमच्यासाठी." मी लग्नाचं पान काढायला मान खाली घातली. पान मिळेपर्यंत मास्तरांनी सूर धरला होता.

वेगळाच सूर. सावकाश, उतरता.

मी वर पाहिलं. बोर्डवर २१७ होतं.

फोटो काढला का विचाराल, तर नाही. माझं बोट अजून लग्नाच्या पानावर होतं. आजूबाजूचे सगळे पुस्तकात बघून गात होते. सगुणाबाईंपुढे पुस्तक नव्हतं. त्यांनी डोळे मिटले होते आणि फाटक्या आवाजात शब्द न् शब्द म्हणत होत्या. शेवटच्या कडव्याला त्यांनी एस्थरचा हात घट्ट धरला आणि तो गालाला लावला. दोघी रडत होत्या.

बोर्ड हाताला येत नाही. दीडशे माणसांसमोर कोणी स्टूल आणून आकडे बदललेले नाहीत. मी मास्तरांना विचारलं तर ते म्हणाले, "अहो, आलो तेव्हापासून दोनशे सतराच होतं." बाकीच्यांचंही तेच. ८२ मी सोडून कोणीही पाहिलं नव्हतं.

मी धावत लायब्ररीत गेले. कपाटाला कुलूप, किल्ली माझ्या पर्समध्ये. पेटी उघडली. सगळ्यात वर आठाची पट्टी, कोपरा तुटलेली.

तेवढ्यात मागून एस्थर आली आणि तिने मला मिठी मारली. "ताई, नंबर तुम्ही बदललात ना? ब्याऐंशी कुठलं गीत आहे ते मास्तरांनी आत्ता सांगितलं. त्या आजींसमोर मी लग्नाचं गीत म्हटलं असतं हो! किती सांभाळून घेतलंत तुम्ही."

मी नुसतं "हं" म्हटलं.

तिने ते सरांना सांगितलं, सरांनी स्टाफरूममध्ये. टाळ्यासुद्धा वाजल्या. अकरा वर्षांच्या कामाबद्दल कोणी एक शब्द बोललं नव्हतं, आणि जे मी केलंच नाही त्याचे आभार मी आजपर्यंत घेतेय. पुस्तकाच्या पुढच्या आवृत्तीत माझं नाव पहिल्या पानावर घालायचं असं एस्थर म्हणते. मी अजून नाही म्हटलेलं नाही.

नवऱ्याचं म्हणणं, "तूच मनात लाज वाटून २१७ लावलं असशील आणि विसरलीस."

"मी एवढी चांगली नाहीये," मी म्हटलं. तेव्हा त्याने टीव्हीचा आवाज वाढवला.

तर, माझ्याकडे स्पष्टीकरण नाही. तुमच्याकडे असेल तर लिहा. भीती मला तेव्हाही वाटली नाही. राग मात्र येतो. या दोन वर्षांत मी कितीदा तरी त्या रिकाम्या चॅपलमध्ये एकटी जाऊन बसले. कॉलेजच्या त्या जुन्या माणसांची अक्षरं मी लावली, त्यांची आजारपणं, त्यांची भांडणं मला तोंडपाठ आहेत. मला कधी साधी चाहूलसुद्धा लागली नाही. आणि जे कोण आहे ते एकदाच आलं, तेही एस्थरसाठी. तिला तर ते आल्याचं कळलंही नाही.